आईच्या रिपोर्टसोबत वर्ध्याला

आष्टीहून सकाळची एसटी सुटली तेव्हा मामा खिडकीखाली उभा होता. "आजची खेप शेवटची," तो आईला म्हणाला. "चौथी स्टेज हाय. काऊन हाल करून राह्यली जिवाचे?" आईने मान डोलावली. तीनदा सलाईनमधून औषध घेऊन ती थकली होती.

हे सगळं मी रिपोर्ट वाचून दाखवल्यामुळे झालं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आईच्या मानेतल्या न दुखणाऱ्या गाठीचा तुकडा तपासला, लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. मग स्कॅनचा इंग्रजी रिपोर्ट आला आणि सगळे ओसरीवर माझ्याभोवती बसले. मान, काखा, पोट, हाडांतली मज्जा. शेवटी मी 'चौथा टप्पा' वाचलं आणि रडू लागले. दुसऱ्या दिवसापासून नातेवाईक आईचं तोंड पाहायला येऊ लागले.

आर्वीला गाडी थांबली. आईने तर्री-पोहे (वर हरभऱ्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे) मागवले. मी अडवलं तर म्हणाली, "बिमारी हाय मले. उपास नाई."

आंजीच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. सगळे निंबाच्या सावलीत उतरलो. शेजारी एक बाई सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या घेऊन बसली होती.

"कुठं चालली वं माय?"

"वर्ध्याले, दवाखान्यात. गाठी हाय अंगात."

"दुखते का?"

"नाई."

"मंग हे पोरगी काऊन रडून राह्यली?"

"शिकली हाय ते," आई म्हणाली.

दवाखान्यात पोचायला उशीर झाला, तरी डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. त्यांनी मागच्या खेपेला काढलेला नवा स्कॅन जुन्याशेजारी लावला. मानेतल्या, काखेतल्या गाठी विरल्या होत्या; पोटातली निम्म्याहून लहान झाली होती.

"पण चौथा टप्पा…" मी म्हणाले.

"लिम्फोमाचा हा प्रकार फार सावकाश वाढतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. सापडतो तोवर बहुतेकांच्या अंगात असाच पसरलेला असतो. इथे चौथा टप्पा म्हणजे शेवट नव्हे."

"मग पूर्ण जाईल?"

"तसं वचन देणार नाही. औषध वाढणाऱ्या पेशींना जास्त मारतं, संथ पेशी वाचू शकतात. काही वर्षांनी आजार परत येऊ शकतो. मग परत उपचार करू. मधली वर्षं तुमची."

"म्हणजे थो परत आला, त मीबी परत येतो," आई म्हणाली. "पुढची तारीख लिहून द्या. बाजाराचा दिवस नका देऊ."

संध्याकाळी घरी पोचलो तर मामा ओसरीवर दोन पाहुण्यांसोबत बसलेला. "का म्हणे डॉक्टर?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "सांग. वाचून त तूच दाखोलं होतं."

"मामा, मी शब्द बरोबर वाचले," मी म्हणाले, "अर्थ मला माहीत नव्हता." मग जे ऐकलं ते सगळं सांगितलं. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

"म्हणजे चौथी स्टेज नाई?"

"हाय," आई म्हणाली. "असू दे. पुढच्या खेपेले तू चालजो संगं. डॉक्टरीण मराठीतच सांगते."

ज्यांनी मला शिकवलं त्यांची मी ऋणी आहे. वाचायला त्यांनी शिकवलं. न समजलेलं विचारायला मात्र मी वर्ध्यात शिकले. नातेवाईक अजून येतात. बसले की आई त्यांना पुढची तारीख सांगते.