प्रणाली नाचते, पट्टा माझा वाजतो

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. आम्ही भातसानगरला धरणाच्या कॉलनीत राहतो. पाण्याखाली गेलेल्या गावांतून हाका येतात वगैरे इथे बरेच जण सांगतात... मी तोंडावर हसते. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही माझ्यावर हसलात तरी तक्रार नाही.

मला बेली डान्स शिकायचा होता. कारण माझं, फक्त माझं असं एक तरी काहीतरी हवं होतं. घरातली कामं मी आणि धाकटी जाऊ प्रणाली, दोघी मिळून करतो. कौतुक मात्र वाटून मिळत नाही! प्रणालीची भाकरी कशी फुगते, प्रणाली किती गोड बोलते... मी इतकी वर्षं हेच ऐकतेय. म्हणून शहापूरला कापडाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये नवशिक्या बायकांची बॅच सुरू झाली, तेव्हा घरात 'कमरेचा व्यायाम' म्हणून सांगितलं.

"कमरंचा व्यायाम? मंग भात लावायला चल ना शेतावर," सासूबाई म्हणाल्या. "आनी जायाचाच असंल तर एकटी नको. प्रणालीला ने संगती."

झालं! माझ्या एकुलत्या एका गोष्टीतही ती आलीच.

आणि आली ती आली, पहिल्याच शनिवारी तिला जमायलाही लागलं. खांदे स्थिर ठेवून फक्त कंबर खाली सोडायची, याला हिप ड्रॉप म्हणतात. मी सोडली की माझ्याबरोबर मान, खांदे, सगळंच खाली यायचं. प्रणाली मात्र गाणं गुणगुणत, सहज. कमरेला पत्र्याच्या चकत्यांचा पट्टा बांधायचा असतो, तो तिचा असा काही वाजायचा की बाकीच्या बायका थांबून बघायच्या. मला तिचा इतका राग यायचा की परतीच्या जीपमध्ये मी मुद्दाम पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचे.

आमच्या मॅडमची एक पद्धत होती. नवशिक्या बायकांकडे बघितलं की त्या आखडतात, म्हणून त्या दोघीदोघींना उभं करायच्या, स्वतः पाठ फिरवायच्या आणि नुसत्या पट्ट्यांच्या आवाजावरून चूक सांगायच्या. महिला दिनाला मुरबाडमध्ये एका बचत गटाचा कार्यक्रम होता. तिथे एकटीने नाचायला कोण जाणार, हे एका शनिवारी असंच ऐकून ठरणार होतं. मी आणि प्रणाली उभ्या राहिलो.

"उजवीकडची कोण गं? काय सुंदर वाजतंय!"

उजवीकडे मी होते.

मी तिच्याकडे बघितलं. प्रणालीच्या चकत्या नुसत्या थरथरत होत्या, पण मुक्या! आणि छुमछुम येत होती ती माझ्या कमरेवरून. मी हलायची थांबले. चकत्या पोटावर गप्प पडलेल्या, तरी आवाज चालूच... प्रणाली थांबली, तेव्हा थांबला.

पट्ट्यात काही गडबड असेल म्हणून 'मला सैल होतोय' असं सांगून मी तिच्याशी पट्टा बदलला. तरी तेच. तिचं नाचणं, माझं वाजणं. कार्यक्रमाला माझी निवड झाली.

जीपमध्ये या वेळी मी तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं चिडेल, रडेल, निदान घाबरेल तरी. ती हसली!

"मंग काय झाला ताई? आवाज घरातच ऱ्हायला ना? तुमी बिनधास नाचा. त्या दिवशी मी धसईला माहेरी असेन, तिथं नाचते. बघू पोचतोय का."

मला तेव्हा तिचा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता.

कार्यक्रम भरदुपारी होता. मध्ये गाणं थांबवून फक्त पट्टा वाजवायचा, असं मॅडमनी बसवलं होतं. नेमकी तिथे मी सगळं विसरले. समोर एवढ्या बायका, आणि मी खांबासारखी उभी. तेवढ्यात कमरेवर छुमछुम सुरू झाली... आधी हळू, मग अशी काही, की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शिट्टी मारली! टाळ्या थांबेनात. 'बाई नुसत्या पोटाने वाजवते,' म्हणाले लोक.

खाली उतरून धसईला फोन लावला. तिच्या आईने उचलला. "ती कधीची पडवीत नाचतेय गो! गाना नाय, पट्टा नाय... याड लागलाय का पोरीला?"

मग प्रणाली आली फोनवर, धापा टाकत. "ताई, तुमी मधीच थांबलात ना? मला कळला. मंग मी कंबर जरा जास्तच हलवली."

गाणं कधी थांबणार हे तिला मी सांगितलं नव्हतं. मीच थांबेन हे तर मलाही माहीत नव्हतं.

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, हॉलमध्ये आवाज घुमत असेल. मुरबाड ते धसई घुमतो का हो आवाज? आता प्रणालीने क्लास सोडलाय, म्हणते कंटाळा आला. ज्या गोष्टीसाठी मी जीव टाकते तिचा हिला कंटाळा! आणि माझा पट्टा तेव्हापासून पार मुका आहे. घाम फुटेपर्यंत नाचले तरी एक चकती वाजत नाही.

येत्या शनिवारी मॅडम पुन्हा पाठ फिरवून ऐकणार आहेत. म्हणजे आज रात्री भाकऱ्या थापताना मला तिला विचारावं लागेल, की त्या वेळेला घरात जरा नाचशील का. ती हो म्हणेल. हसून, लगेच. तेच मला सहन होत नाही.