कॅरियर काढलेली सायकल

१९७६ साली पोशीरच्या जयवंताच्या सायकलीला मडगार्ड नव्हतं, चेनकव्हर नव्हतं, घंटी, स्टँड आणि डायनॅमो नव्हता. कॅरियरही नव्हतं. ही सगळी फुकटची वजनं आहेत, असं त्याचं मत होतं. स्वतःच्या पोटाबद्दल त्याचं असं काही मत नव्हतं.

जयवंता खोपोलीच्या एका कागद कारखान्यात गठ्ठे बांधायच्या खात्यात होता. घरापासून नेरळ स्टेशनापर्यंत सायकल, तिथून पुढं गाडी. बुधवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी हा चौतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप सायकल घेऊन गावामागच्या म्हसोबाच्या टेकडीवर जाई आणि वरून दगडधोंड्यांतून, गुरांच्या वाटेनं खाली येई. का, असं कुणी विचारलं तर म्हणे, "तुमाला नाय कळायचं." गावाला खरोखरच कळत नसे. लोक टेकडीवर लाकडाला जात, गवताला जात, रानातला पाला तोडायला जात. टेकडीवरून रिकाम्या हातांनी खाली येणारा आणि वर त्याचं कौतुक सांगणारा गावात तेवढा एकच होता.

वर जायचं कामही तो स्वतः करत नसे. ठाकूरवाडीतला पोशा सायकल खांद्यावर घेऊन चढे आणि जयवंता मागून हात हलवत येई. बदल्यात पोशाला विड्या मिळत आणि काढून टाकलेले भाग मिळत. दोन्ही मडगार्डं पोशानं झोपडीच्या वळचणीला पन्हळ म्हणून लावली होती. त्या सायकलीचा एवढाच भाग काही कामाला आला.

माथेरानच्या कुठल्याशा बंगल्याच्या माळ्याकडून जयवंतानं मागच्या चाकाच्या मधोमध बसणारं, तीन गिअरांचं इंग्रजी हब मिळवलं होतं. ते बसवायला तो दोन रविवार रजा टाकून कर्जतच्या सायकलवाल्याकडे बसून होता. गिअर असतात चढासाठी. चढ तर पोशा चढत होता.

"ह्ये गेर माझ्या पायाला बसव," पोशा एकदा म्हणाला. "सायकलीला कशाला? ती तर माझ्या खांद्यावर झोपून येते."

जयवंताला हा विनोद कळला नाही. त्यानं पोशाला गिअरची रचना समजावून सांगितली.

दांड्यांचा ब्रेक काढून त्यानं वायरचा बसवला. पाववाल्याच्या सायकलीचे जाड टायर घातले, हँडल उलटं फिरवलं. पॅकिंगमधून आलेल्या एका परदेशी मासिकाचं फाटकं पान त्याच्याकडे होतं. त्यात एक गोरा माणूस चिखलातून सायकल मारत होता. ते पान दाखवून तो कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत भाषण करी. आठ-दहा जण ऐकत. त्यांच्याकडेही दुसरं काही काम नसावं.

आता या सायकलीची मूळ हकिगत. ती जयवंताची नव्हतीच. त्याची बायको येसूबाई नदीकाठच्या तुकड्यात काकडी, भेंडी, गवार करी आणि टोपली डोक्यावर घेऊन नेरळच्या बाजारात बसे. मागल्या पावसाळ्यात बांधावरून पडून तिच्या मानेत काहीतरी गेलं. नेरळच्या डॉक्टरनं सांगितलं की डोक्यावर ओझं बंद. तेव्हा दहिवलीचा तिचा भाऊ भिवाजी ही सायकल घेऊन आला. चांगलं रुंद कॅरियर, दोन्ही बाजूंना आकडे. त्यानं जयवंताला उभं करून सांगितलं होतं, "दाजी, ही भाजीसाठी हाय. तुमी स्टेशनला जाताच. जाता जाता टोपली बाजारात उतरवायची, बास."

चार महिने टोपली गेली. मग कॅरियर निघालं.

"अवो, ते काय करता?" येसूबाईनं विचारलं तेव्हा नट निघाले होते.

"मागचं वजन उतारावर सायकलीला ढकलतं. तोल जातो."

"मग टोपली?"

"बघू काहीतरी."

बघितलं कुणी नाही. येसूबाई टोपली पुन्हा डोक्यावर घेऊ लागली, फक्त अर्धी भरून. जयवंता तिच्या शेजारून सायकलीवर पुढं जाई. कधीकधी वळून सांगे, "हळू ये गं, मान सांभाळ."

नेरळच्या बाजारात येसूबाईची जागा पहिली होती, पत्र्याच्या पडवीखाली, माथेरानच्या वाटेच्या तोंडाशी. सासू सोनुबाई तिथं बसत असे, तिच्यामागून ही. माथेरानच्या हॉटेलांचे आचारी भाजीला खाली उतरत ते पहिल्या पोत्याशी थांबत, आणि बहुतेक वेळा तिथंच त्यांची पिशवी भरे. बाजारातल्या बायकांचा एक रिवाज होता. ऊन पत्र्यावर यायच्या आत जिनं पोतं पसरलं नाही, तिच्या जागेवर शेजारीण सरकायची. मागच्या सगळ्या एकेक जागा पुढं. आणि एकदा सरकलेली रांग मागं जात नसे. भांडण नाही, तक्रार नाही. येसूबाईच्या शेजारी विमलबाई बसे, सहा वर्षं दुसऱ्या जागेवर.

मे महिन्यात माथेरानला सीझन. त्यातल्या एका बुधवारी जास्त माल न्यायचा होता. दोन हॉटेलांनी काकडी सांगून ठेवली होती. अर्ध्या टोपलीनं भागणार नव्हतं. त्याच दिवशी पहाटे घरचा राब भाजायचा होता. भाताच्या रोपासाठी बी जिथं पेरायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत थरांनी पसरायचं, वर बारीक माती टाकायची आणि वारा पडलेला असताना आग लावायची. तीही वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते, मातीखाली धुमसत राहते आणि जमीन नीट भाजून निघते. भडकली तर वरचा पाला जळून जातो आणि खालची माती कच्ची राहते. मग रोपापेक्षा तण जास्त. त्यामुळं त्या पहाटे घरातली आणि शेजारची सगळी माणसं फांद्या घेऊन राबाभोवती उभी राहणार होती. टोपली उचलायला कुणी मोकळं नव्हतं. एक जयवंता सोडून.

येसूबाईनं त्याला मंगळवारी विचारलं. "उद्याच्या दिवस कॅरियर लावता का? नायतर टोपली नळीवर बांधा. उन्हाच्या आत पोचली पाह्यजे. जागा गेली तर परत नाय मिळायची."

"एवढंच ना? सकाळी पहिलं काम तुझं."

"राब पण हाय उद्या."

"माहीत हाय गं."

माहीत नव्हतं. त्याचं लक्ष पुढच्या गोष्टीकडे होतं. कारखान्यातली मंडळी उतार बघायला त्या बुधवारी सकाळच्या गाडीनं येणार होती.

पहाटे येसूबाई टोपली भरून दाराशी आली तेव्हा सायकल जागेवर नव्हती. पोशा ती घेऊन टेकडी चढत होता आणि मालक त्याच्यामागून.  तिनं शेजारणीला टोपलीला हात लावायला सांगितलं, चुंबळ ठेवली आणि पूर्ण भरलेली टोपली डोक्यावर घेऊन नेरळच्या वाटेला लागली. वाटेत तिला बसावं लागलं. उतरवलेली टोपली पुन्हा डोक्यावर द्यायला कुणी येईपर्यंत ती रस्त्याच्या कडेला बसून राहिली.

इकडं टेकडीच्या पायथ्याशी कारखान्याची मंडळी विड्या ओढत उभी होती. जयवंता वरून निघाला. सुरुवातीचा भाग बरा उतरला, हे कबूल करायला हवं. सायकल दगडांवरून उडत होती, तोही तिच्याबरोबर उडत होता. खाली वाट उजवीकडे वळते. पण मंडळी डावीकडे उभी होती आणि त्यांच्या आणि त्याच्यामध्ये एक सपाट, भुसभुशीत, काळसर मातीचा तुकडा होता. चिखलातला तो गोरा माणूस त्याला आठवला असावा. त्यानं हँडल डावीकडे घेतलं.

"आरं, राब हाय! राबात नको रं!" सोनुबाई फांदी उंच करून ओरडली. बाकीचेही हात हलवून ओरडू लागले. जयवंतानं एक हात सोडून त्यांना उत्तर दिलं. गाव आपल्याला दाद देतंय, असा त्याचा समज झाला.

भाताच्या गावात जन्मलेला माणूस धुमसत्या राबाला मैदान समजतो, ही चूक करायला फार वर्षं राबाकडे पाठ फिरवून राहावं लागतं. पुढचं चाक मातीचा पापुद्रा फोडून आत गेलं आणि थांबलं. जयवंता थांबला नाही. तो हँडलवरून पलीकडं पडला, लोळत बांधापर्यंत गेला आणि पोटरी चटका बसून लाल झाली, एवढ्यावर सुटला. सायकल निखाऱ्यांत उभी राहिली. जाड टायर आधी वास सोडू लागला, मग पेटला. चाकानं पाडलेल्या चरीतून वारा आत शिरला आणि इतका वेळ शहाण्यासारखी सरकणारी आग एकदम उभी राहिली. बघता बघता अर्ध्या राबावरचा पाला जळून गेला.

"पाणी आणा, पाणी!" जयवंता ओरडत होता.

"कशाला रं? राब इझवायला?" शेजारचा मोरू म्हणाला.

"सायकल! माझी सायकल!"

सोनुबाईनं हातातली फांदी खाली टाकली. "तू जन्मलास त्या साली पण असाच अर्धा राब वाया गेला व्हता," ती म्हणाली. "पण तवा वारं व्हतं. वाऱ्याला अक्कल नसते, म्हणून सोडून दिलं."

कारखान्याची मंडळी परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

येसूबाई बाजारात पोचली तेव्हा पत्र्यावर ऊन होतं. पडवीखाली पहिल्या जागेवर विमलबाईचं पोतं होतं. दोन आचारी तिच्याकडून काकडी मोजून घेत होते.

"येसू, ऊन आलं गं," विमलबाई म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही आणि पोतंही हलवलं नाही.

"दिसतंय मला."

"तुझा मालक कुठं? सायकल हाय ना तुमच्याकडं?"

"हाय."

 येसूबाई रांगेच्या शेवटी गेली. तिथं माथेरानचे घोडे बांधत आणि गिऱ्हाईक सहसा येत नसे. दुपारी ती निम्मा माल घेऊन परत निघाली. या वेळी टोपली कमरेवर होती. डोकं वर धरता येत नव्हतं.

चार दिवसांनी भिवाजी दहिवलीहून आला. त्यानं सायकल बघितली, राब बघितला, बहिणीची मान बघितली. जयवंता त्याला समजावू लागला की चाक बदललं तर हब अजून चालेल.

"दाजी," भिवाजी म्हणाला, "दिली ती भाजीसाठी. भाजी तुमी डोक्यावर ठेवलीत. आता सायकल मी खांद्यावर नेतो."

आणि तो ती खरंच खांद्यावर घेऊन गेला. गावातल्या कुणी त्याला अडवलं नाही. जयवंतानं फक्त हब काढून द्यायची विनंती केली. 

जून लागला. राबाच्या अर्ध्या भागात रोप विरळ उगवलं आणि तण दाट. सोनुबाई आणि शेजारच्या बायका ते वाकून उपटत बसल्या. जयवंता आता नेरळपर्यंत चालत जातो. कारखान्यात त्यानं वेगळी हकिगत सांगायला सुरुवात केली आहे. उतारावर वेग इतका होता की टायरनं पेट घेतला. जे स्वतः उभे राहून बघून गेले होते, त्यांच्यापैकी काही जण आता हे मान डोलावून ऐकतात.

बाजाराच्या दिवशी तो घोड्यांच्या बाजूनं स्टेशनाकडे जातो. येसूबाई तिथं बसलेली असते. रांगेतली ती शेवटची जागा आहे. विमलबाईकडचा माल संपला तरच एखादा आचारी इथवर येतो. परवा जयवंता तिच्यापाशी थांबला, ढिगातली कोवळी काकडी निवडून घेतली, सदऱ्याला पुसली आणि दातांनी टोक तोडून थुंकलं.

"आज खपतंय का काही?" त्यानं विचारलं.

मान वळवता येत नसल्यामुळं येसूबाई सबंध अंगानं त्याच्याकडे वळली. तिनं त्याच्या हातातल्या काकडीकडे बघितलं, मग पुन्हा सबंध अंगानं वळून समोर बघायला लागली. तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली आणि जयवंता काकडी खात पळाला.