तांब्या, ग्लास आणि नुसतं 'बसा'

भाऊकीतली पोरं हल्ली मला फोन करतात. 'दादा, डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचं तर सुरुवात कशी करायची?' मी शहाण्यासारखं सांगतो, आधी एक्सेल पक्कं कर, मग एसक्यूएल शिक, एखादा कोर्स कर, आणि स्वतः गोळा केलेल्या माहितीवर एक तरी प्रोजेक्ट कर. सांगतो ते सगळं बरोबरच आहे. फक्त माझी स्वतःची सुरुवात गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत, भर उन्हाळ्यात, घशाला कोरड पडलेली असताना झाली. ते काही मी फोनवर सांगत नाही, कारण फोन करणाऱ्यांतलं एक पोरगं माझ्या थोरल्या चुलत्यांचा नातू आहे.

बीएस्सी होऊन मी केज तालुक्यातल्या आमच्या गावी घरीच बसलो होतो. मोबाईलवर कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट आईनं फ्रेम करून देवाशेजारी टांगलं आणि रोज त्यालाही उदबत्ती ओवाळायची. पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न यायचा, 'कोणत्या डेटावर काम केलंय?' मी सांगायचो, परदेशातल्या एका शहरातल्या टॅक्सींच्या फेऱ्यांवर. कोर्समध्ये सरावाला तोच दिलेला. पावसात तिथल्या टॅक्सीवाल्यांचा धंदा वाढतो हे मी आलेख काढून सिद्ध केलं होतं. मी स्वतः केजला जायचो ते काळ्यापिवळ्या जीपच्या मागं लोंबकळत, आणि पाऊस तर आमच्याकडं सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता.

शेवटी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीतल्या बाई फोनवर वैतागून म्हणाल्या, "टॅक्सी पुरे झाल्या हो. तुमच्या आसपासचं, तुम्ही स्वतः गोळा केलेलं काहीतरी घेऊन महिनाअखेरीला या." एवढा एकच दरवाजा माझ्यासाठी उघडा राहिला होता.

आता प्रोजेक्ट करायचा तर कॉम्प्युटर हवा. गावात धड चालणारा कॉम्प्युटर एकच, सोसायटीच्या ऑफिसातला. कुठल्याशा योजनेतून आलेला, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेला, दसऱ्याला हळदकुंकू लागलेला. त्या ऑफिसची किल्ली नियमानं सचिवाकडं असायला हवी, पण आमच्याकडं ती चेअरमनच्या करदोड्याला असायची. चेअरमन म्हणजे माझे थोरले चुलते. मला कळायला लागल्यापासून तेच चेअरमन होते, आणि यापुढंही आपणच राहणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चुलते नाहीत तर किल्ली नाही, किल्ली नाही तर पुणे नाही, असा सगळा मामला होता.

मी भीत भीत किल्ली मागितली. चुलते म्हणाले, "तुला डाटाच पायजे ना? मग हे घे सगळे सभासद. कोण आपलं, कोण त्यांचं, तेवढं काढून दे. मग कर तुझं काय करायचं ते."

मला आकाश ठेंगणं झालं. परदेशातल्या टॅक्सी गेल्या खड्ड्यात, आता माझ्यापुढं जितीजागती माणसं होती! रोज सकाळी चुलते आणि त्यांचे चार कार्यकर्ते प्रचाराला निघायचे, मी मोबाईल घेऊन मागं. दारात गेलं की घरधनी हात जोडून म्हणायचा, "तुमाला सोडून कुणाला देतो आमी? तुमी आलात कावून? निरोप धाडला असता तरी चाललं असतं." मी नोंद करायचो, 'आपलं'. सगळं गाव फिरून झालं, किल्ली हाती आली, आणि सोसायटीच्या कॉम्प्युटरवर आलेखाचा जो गोल निघाला त्यात दुसरा रंगच नव्हता. तव्यावरच्या भाकरीसारखा एकरंगी, संपूर्ण आमचा. चुलत्यांनी तो छापून सोसायटीच्या भिंतीवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला लागले.

दोनेक दिवसांनी समोरच्या पॅनेलमधला माझा शाळासोबती भेटला. गॅरेजवाल्या मिस्त्रींचा मुलगा, कधी खोटं न बोलणारा. मी त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "आमचं कामच झालं बे. एकूण एक घर आमचंच हाय. सगळ्यांनी शब्द दिलाय." म्हणजे होते त्याच्या दुप्पट सभासद मतदान करणार होते.

घरी येऊन आईजवळ चरफडलो, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दारात आलेल्या माणसाला तोंडावर न्हाई कोण म्हणंल? तशी काय रीत हाय का?"

खरंच होतं. जे सगळेच देतात, ते मोजून काय उपयोग? मग लोक काय देत नाहीत याचा विचार करत मी पुढच्या फेरीला निघालो, आणि दुपारपर्यंत मला दुसरा कसलाच विचार सुचेना, कारण तहानेनं जीव कासावीस झाला. तेव्हा ध्यानात आलं. एरवी आमच्याकडं पाहुणा टेकायच्या आत पाण्याचा तांब्या पुढं येतो. त्या उन्हाळ्यात टँकर कधी यायचा, कधी नाही यायचा, आणि आला की हाणामाऱ्या व्हायच्या. शब्द सगळे भरभरून देत होते, पण पाणी मात्र माणूस बघून देत होते. कुणी भरला तांब्या आणायचं, कुणी ग्लास, कुणी अर्धा ग्लास. आणि 'आपलंच मत समजा' असं सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारे नुसतं 'बसा, बसा' करायचे.

मी नवीन रकाना केला, 'पाणी'. चुलत्यांना काही बोललो नाही. ज्यांच्या घरी बोअर होता ती घरं वगळली, कारण ते कुणालाही पाणी द्यायचे. ज्या दिवशी टँकर आला त्या दिवशीच्या नोंदी खोडल्या, कारण त्या दिवशी सगळं गावच उदार झालं होतं. कोर्समध्ये याला माहिती स्वच्छ करणं म्हणतात. मला ते पहिल्यांदा नीट कळलं, आणि इतका आनंद झाला की आलेख काय सांगतोय हे बघायचंच राहिलं.

आलेख सांगत होता की चुलते पडणार. थोडक्या मतांनी, पण पडणार.

सांगावं तर किल्ली जाणार, न सांगावं तर भिंतीवर ती खोटी भाकरी लटकलेली. दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून हिंडलो. मग त्या भाकरीकडं बघणंच मला नकोसं झालं, आणि एका सकाळी मी चुलत्यांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे पाणी कमी मिळतंय, म्हणून आपण पडतोय?"

"पडतोय म्हणून कमी मिळतंय, काका."

"तेच ते," चुलते म्हणाले आणि बाहेर जाऊन त्यांनी कार्यकर्त्यांना हुकूम सोडला, "आजपासून हरेक घरी पाणी मागायचं. तांब्याच मागायचा. आकडा वाढला पायजे!"

पुढचे दिवस आठवले की आजही मला हसू आवरत नाही, आणि लाजही वाटते. चार धडधाकट माणसं भर दुष्काळात घरोघर शिरून तांब्यांमागून तांबे रिचवत होती. एका म्हातारीनं रिकामा हंडा उपडा करून दाखवला, तर एक कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, रांजणात असंल की!" संध्याकाळपर्यंत त्यांना धड चालता येईना. दर दोन घरांनंतर एकजण बाभळीमागं पळायचा. चुलते स्वतः वयानं थकलेले, पण प्रत्येक घरी एक ग्लास तरी घ्यायचेच. कार्यालयात येऊन ढेकर देत विचारायचे, "काय म्हणतंय यंत्र?"

"काका, मागून घेतलेलं धरत नसतात."

"कावून? पाणी ते पाणीच हाय ना?"

मी हात टेकले. त्यांच्या आग्रहाखातर मागून घेतलेलं पाणीही आलेखात धरलं, तर चुलते प्रचंड बहुमतानं निवडून येत होते.

मतदानाच्या दिवशी रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीनं मोठ्यानंच विचारलं, "हे मतं मागाया आलते का पाणी प्याया?" मी चुलत्यांना सांगितलेल्या अंदाजापेक्षा आम्ही कितीतरी जास्त मतांनी पडलो. जी घरं आपणहून तांब्या देत होती, त्यांतलीही बरीच चिडून फिरली होती.

करदोड्यावरची किल्ली नव्या चेअरमनकडं गेली. माझं सगळं काम आत कॉम्प्युटरमध्ये अडकलं आणि महिनाअखेर तोंडावर आली. कार्यकर्ते पारावर सांगत सुटले की याच्या डाट्यानं घात केला. चुलत्यांनी त्यांना कधी अडवलं नाही. माझ्याशी तर ते बोलेचनात. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटत होतं. नव्या चेअरमनकडं जायची मला छाती होईना. त्यांच्या दृष्टीनं मी हरलेल्या घरातलं पोरगं होतो. पुणं गेल्यात जमा होतं.

एका सकाळी चुलते आमच्या दारात आले. टोपी नीट घातलेली. म्हणाले, "चल." आणि मला घेऊन थेट नव्या चेअरमनच्या घरी गेले. त्या उंबऱ्याला त्यांनी आयुष्यात पाय लावला नव्हता. ओसरीवर नव्या चेअरमनची माणसं बसलेली होती.

"किल्ली पायजे," चुलते उभ्यानंच म्हणाले. "घंटाभर. पोराचं काम हाय."

नवे चेअरमन हसून म्हणाले, "ह्याच पोरानं तुमाला पाणी पाजलं ना?" ओसरी खो खो हसली. मला वाटलं, आता चुलते मागं फिरणार.

"पाणी मी माझ्या अकलेनं प्यालो," चुलते म्हणाले. "त्यानं मला आधीच सांगितलंतं, तुमी पडणार म्हणून. मला ऐकू आलं न्हाई. पोर खोटं बोलणारं असतं तर मी त्याला कवाच हितं सोसायटीत नोकरीला चिकटवलं असतं."

नव्या चेअरमननी किल्ली काढून माझ्या हातात दिली. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळं कुलूप उघडायला मला उगाच वेळ लागला.

पुण्याच्या बाईंनी माझे आलेख उलटसुलट करून पाहिले, मग विचारलं, "तुमचा अंदाज ज्यांना दिलात, ते निकालानंतर काय म्हणाले?" मी चुलत्यांचं त्या ओसरीवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी कागद मिटून ठेवले.

"आमच्या एकाही गिऱ्हाईकानं अजून असं म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून या."