शेवग्याचं बी आणि तांब्याभर पाणी

परवा वाळलेली शेवग्याची शेंग फोडली अन् त्या कडवट वासासरशी शहागडचा रांजण आठवला. गोदावरीला पूर आल्ता. पल्याड गेलेल्या दादांचा, म्हणजे वडलांचा, पत्ता नव्हता. आई शेवग्याचं बी कुटून रांजणातल्या गढूळ पाण्यात ढवळायची. "हात नको लावू, गाळ बसू दे," म्हणायची अन् दादांना शोधणाऱ्यांना ते निवळलेलं पाणी पाजायची.

पूर ओसरल्यावर दादा धडधाकट परत आले. "पाव्हण्याकडं राह्यलो होतो," म्हणाले अन् पाणी मागितलं. रांजण नितळ पाण्यानं भरलेला होता. आईनं मात्र शेजारच्या घागरीतलं गढूळ पाणी दिलं. तो राग होता की तिला भानच नव्हतं, मला अजून कळलं न्हाई. दादांनी तळाच्या गाळासकट तांब्या रिकामा केला.