शेठचा मिठाचा हौद आणि जळालेले पऱ्हे

ती केस मी अजून विसरलो नाही. बाकी बऱ्याच विसरलो.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती. मी तुमसर तालुक्यात पोलिसात बीट जमादार होतो. शिक्षण सातवीपर्यंत, पण जबाब माझ्याच हातचे असत.

त्या साली पाऊस लांबला होता. आंबागडाकडचा एक शेतकरी सकाळीच ठाण्यात आला. रोवणीसाठी टाकलेले त्याचे धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, शेंड्यापासून जळाले होते.

"माझ्या चुलतभावानं औषध मारलं, साहेब. धुऱ्याचा वाद हाय आमचा. त्याले आतच टाका."

दुपारी खबऱ्यानंही तेच कळवलं. चुलतभाऊ पाठीवर फवारणीचा पंप घेऊन धुऱ्यावर, दोघांच्या शेतांमधल्या बांधावर, दिसला होता. मी त्याला ठाण्यात आणला. त्याच्या पोरीची सोयरीक नुकतीच जुळली होती. बाप लॉकअपमध्ये गेला असता तर ती तिथंच मोडली असती. ठाणेदार म्हणाले, "अटक दाखवा, मोकळे व्हा."

मी म्हटलं, "साहेब, आधी विचारतो, मग बांधी पाहून येतो."

"पंप काहून नेला होता बे?"

"वांग्यावर फवाराले नेला जी. वाट धुऱ्यावरूनच हाय. उडत जाऊ काय?"

"पऱ्ह्यांवर राग काढला तू."

तो उसळला. "राग त्याच्यावर हाय, पऱ्ह्यांवर कायले काढू? त्याचं टकुरं फोडीन एक दिवस, पण धानाले हात नाही लावीन. लिहा हे जबाबात!"

ठाण्यात बसून असं बोलणारा माणूस सहसा चोरून काही करत नाही. त्याला बसवून ठेवला आणि तक्रारदाराला घेऊन बांधीवर, त्याच्या धानाच्या खाचरावर, गेलो.

औषध मारलं असतं तर फवाऱ्याच्या पट्ट्यांनी जळालं असतं, धुऱ्याजवळ जास्त. इथं उलटं. पाणी शिरतं त्या कोपऱ्यात सगळं साफ, लांबच्या टोकाला थोडं हिरवं. मातीवर पांढरी पापडी. बोटानं चाटून पाहिली. खारट!

माझी बायको लोणच्याची बरणी धुतलेलं पाणी मिरचीच्या आळ्यात कधी टाकत नसे. "मीठ गेलं का माती मरते," म्हणायची. तेव्हा ती होती. आता भाजी अळणी झाली तरी बोलायला घरात कोणी नाही. असो.

तक्रारदाराला विचारलं, "पाणी कोणतं दिलं?"

"नाल्याचं."

"पाऊस नाही, अन् नाला वाहला कसा?"

"वाहला न साहेब! मीच फावड्यानं मातीची पार घालून बांधीत वळवला. देवानंच धाडलं म्हटलं."

"हा देव वरच्या अंगाला कुठं राहते?"

त्यानं मान वळवून वर पाहिलं. वर राईस मिलवाल्या शेठचा नवा बंगला होता.

शेठनं मागच्या अंगणात पोहायचा हौद बांधला होता, मिठाच्या पाण्याचा. मोठ्या हौसेनं दाखवला. "पाण्यात मीठ टाकायचं, मशीन त्यातूनच क्लोरीन बनवते. डोळे चुरचुरत नाहीत. मशीनच्या पट्ट्यांवर चुना धरतो तो काढायचा, फिल्टर धुवायचा, पाणी तपासायचं. बाकी काही कटकट नाही."

"अन् फिल्टर धुतलेलं पाणी?"

"मागं नाल्यात. मागच्या आठवड्यात नोकरानं मीठ जास्त ओतलं, तर अर्धा हौदच सोडून दिला. मीठच तर आहे जमादार, आपण रोज खातो."

"आपण खातो शेठ. पऱ्हे नाही खात."

पंचांसमोर नाल्यातल्या डबक्याचं पाणी चाखलं, पंचनामा केला. शेठचा चेहरा उतरला. त्यानं नाल्यात जाणारा पाइप त्याच दिवशी बंद केला.

चुलतभावाला ठाण्यातून घरी सोडलं. तक्रारदाराला मी सांगितलं, "नाव ठाण्यात घेतलंस, आता गावात मागं घे. सगळ्यांसमोर." तो चुलतभावाच्या अंगणात जाऊन उभा राहिला. चुलतभाऊच म्हणाला, "माझ्याकडं पऱ्हे जास्तीचे हायेत, ने. रोवणी झाली का धुऱ्याचं भांडू."

त्याच्या पोरीच्या लग्नाला मी साध्या कपड्यांत गेलो. दोघं भाऊ धुऱ्यावरून भांडत भांडत पंगत वाढत होते.

या केसनं मला एक शिकवलं. तक्रारदार खोटं बोलतो असं नाही. त्याला वैऱ्याचा पंप दिसतो, आपलं फावडं दिसत नाही. म्हणून पुढं प्रत्येक केसमध्ये मी त्यालाही तितकंच विचारलं. अटक करायला सही पुरते. न करायला बांधीपर्यंत चालत जावं लागतं.