तळ्यावरचा हिरवा पडदा

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" असं ओरडून गाडीच्या पाठीवर दोन थापा मारणारा माणूस तुम्ही कुठेतरी पाहिलेला असणारच. फरक इतकाच, की आमचा हा माणूस ट्रक नाही, चाकांवरची घरं मागे घ्यायचा. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं असलेल्या त्या लांबलचक गाड्या ठाण्यातल्या माजिवड्याच्या टॉवरांमधून तळ्यावर यायच्या, आणि हा पांढरे बूट घालून चिखलात उभा राहून दोन्ही हात हलवायचा. 'बस' म्हणताना तर असा रुबाब, की विमानच उतरवलंय!

कल्याणजवळ, मोहने गावाच्या पुढे एका खेड्यात त्याच्या वाडवडिलांची भातशेती होती, आणि तिला लागूनच गावाचं तळं. शेती मोडून तिथे ह्यानं 'लेकसाइड फॅमिली कॅम्पिंग' काढलं. मी कल्याणचा मंडपवाला. तंबू, गाद्या, दिव्यांच्या माळा माझ्याकडून जायच्या, म्हणून शनिवार-रविवार माझं तिथे जाणं-येणं. सगळे त्याला शेठ म्हणायचे. मीही म्हणायचो, तोंडावर.

काय सांगू तुम्हाला त्याच्या अकलेचं! खऱ्या गवतावर त्यानं प्लास्टिकचं गवत अंथरलं. का, तर खऱ्यात किडे असतात. बेडूक ओरडतात म्हणून स्पीकर लावला, आणि स्पीकरवर काय, तर पक्ष्यांचा किलबिलाट. "फॅमिली क्राउड आहे भाऊ, त्यांना नेचर पाहिजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि ती फॅमिलीही त्याच्याच लायकीची. तळ्याकडे पाठ करून खुर्च्या मांडायच्या, टोस्टवर जॅम फासायचा, अर्धा खायचा, अर्धा फेकायचा आणि विचारायचं, "भैया, यहाँ नेटवर्क किधर आता है?"

तळ्याच्या एका कोपऱ्यात गावाचा घाट आहे. दहाव्याचे विधी तिथेच होतात. डोकं भादरलेली माणसं ओल्या पंच्यानं बसलेली, समोर पानावर भाताचा पिंड, आणि सगळ्यांचे डोळे झाडावरच्या कावळ्याकडे. कावळा शिवला की गेलेलं माणूस समाधानानं गेलं. नाही शिवला, तर त्याचं काहीतरी मागे राहिलंय. मग एकेक नातेवाईक पुढे होऊन वचन देतो, हे करीन, ते सांभाळीन. हे बघून म्हणे शेठच्या पाहुण्यांची भूक मरायची. एके दिवशी मला म्हणाला, "भाऊ, इथून तिथपर्यंत पडदा मार. हिरवा मार. नेचरमध्ये मिक्स होईल."

मी मारला. बांबू माझे, कापड माझं, अक्कल त्याची.

त्या पडद्यानं शेठच्या घराकडून घाटावर येणारी पायवाट बंद झाली. त्याची म्हातारी आई रोज त्याच वाटेनं यायची, घाटाच्या पायरीवर घटकाभर बसायची. पडद्यापुढे कमरेवर हात ठेवून तिनं लेकाला सगळ्यांदेखत झापलं. "तुजे पाव्हन्यांना आमी दिसलो त त्यांना इटाल व्हनार हाय का रं?"

"आये, अ‍ॅडजस्ट कर ना जरा," हा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला.

म्हातारीनं अ‍ॅडजस्ट केलं. डांबरी रस्त्यानं वळसा घालून, धापा टाकत यायला लागली. मी तिला दोनदा बसायला खुर्ची दिली, तर हा म्हणतो, "खुर्च्या गेस्टच्या आहेत हं भाऊ."

कावळे मात्र लगेच रुळले. टोस्ट, नूडल्स, केकचे तुकडे, कोण सोडतंय? गावातल्या एका म्हाताऱ्याची बायको वारली, तेव्हा दुपार झाली तरी पिंडाकडे एक कावळा फिरकला नाही. सगळे पडद्यापलीकडे पंगतीला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. म्हातारा हात जोडून शेठकडे आला. म्हणाला, निदान दहाव्याच्या सकाळी उघड्यावर खाणं ठेवू नका. शेठ गॉगल पुसत म्हणाला, "बाबा, दर्भाचा पण कावळाच ना? अ‍ॅडजस्ट करा." त्या दिवशी मला ह्या माणसाची किळस आली.

मग त्याचीच आई गेली.

दहावा नेमका रविवारी आला, आणि ह्या महाशयांनी बुकिंग रद्द केलं नव्हतं. पडद्याच्या अलीकडे हा गुळगुळीत डोक्यानं पिंडापुढे, पलीकडे ह्याचा मेव्हणा टोस्ट वाटतोय! म्हातारी मला येता-जाता ताक द्यायची, म्हणून मी गेलेलो. त्याच्यासाठी नाही.

पिंड ठेवला. कावळे पडद्यावरून दिसत होते, एका चाकांवरच्या घराच्या टपावर रांगेत बसलेले. इकडे एकानंही मान वळवली नाही. शेठनं वचनं द्यायला सुरुवात केली. "बहिणीला अंतर देणार नाही." काही नाही. "गावदेवीच्या देवळावर कळस चढवीन." काही नाही. "तुझा मोठा फोटो गेटवर लावीन." खरंच बोलला हो! ऊन चढलं. भटजींनी हळूच दर्भ हातात घेतला.

"शेठ, अ‍ॅडजस्ट करा," मी म्हटलं. मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्या बायको गेलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसलेला.

"नाय," शेठ म्हणाला. "दर्भाचा नाय."

उठला आणि पडद्यालाच हात घातला. माझं कापड टरकन फाटलं, दोन बांबू आडवे झाले. पलीकडे लोकांचे घास तोंडातच राहिले. ज्यांच्यापासून त्यानं आम्हाला झाकलं होतं, त्यांच्याच टेबलांमधून तो ओल्या पंच्यानं धावत सुटला. ताटल्या उचलल्या, प्लास्टिकच्या गवतावर गुडघे टेकून तुकडे वेचायला लागला. "उचला हो, सगला आत न्या," तो रडत ओरडत होता. "माजी आय उपाशी चाललीय!"

पाहुण्या बायकांनी पटापट ताटल्या गाड्यांत नेल्या. कुणीतरी तो किलबिलाट बंद केला. कितीतरी दिवसांनी त्या तळ्यावर शांतता झाली.

तो परत येऊन पिंडापुढे उभा राहिला. "आये, तुजी वाट परत नाय झाकनार," एवढंच बोलला. त्यात फोटो नव्हता, कळस नव्हता.

टपावरचा एक कावळा उडाला आणि आडव्या बांबूवर येऊन बसला. मान वाकडी करून बघत राहिला. शेठनं दोन्ही हात वर केले, गाड्यांना करायचा तसेच, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..."

कावळा टुणटुण उड्या मारत आला आणि त्यानं पिंडात चोच घातली.

"बस," तो म्हणाला, आणि थाप मारायला उचललेला हात तसाच हवेत राहिला.