मॉनिटर वाहून आणणारा माणूस

"हा हमाल का तुमचा?"

जाफराबादच्या त्या घराच्या ओसरीवर आप्पांनी मला विचारलं. आप्पा म्हणजे माझ्या वर्गमित्राचे वडील. पन्नास एकराचे मालक. मी म्हणालो, "हो."

तो माझा बाप होता.

मॉनिटरचं खोकं खांद्यावर घेऊन माझ्यामागे चार पावलांवर उभा होता. त्यानं ऐकलं. मान हलवली आणि म्हणाला, "हो मालक. कुठं ठिवू?"

ही गोष्ट पूर्ण सांगायला मला वीस वर्षं लागली. आता सगळी सांगतो.

जालन्याला मी कॉम्प्युटरचा क्लास करत होतो. एका मशीनवर तिघे. कीबोर्डापर्यंत माझा हात पोचायचा तेव्हा तास संपत आलेला असायचा. म्हणून मी प्रोग्राम वहीत लिहायचो. वहीतला प्रोग्राम चालतो की चुकतो, हे वही सांगत नाही. चूक कळायला आठवडा जायचा. मला मशीन पाहिजे होतं. घरचं म्हणता येईल असं, बसता येईल असं.

मित्राला घरी कॉम्प्युटर घ्यायचा होता. तयार नको, पार्ट आणून जोडलेला. "बजेट कमी आहे, पण गेम पळाला पाहिजे. प्रोग्रामिंग पण जमलं पाहिजे. तू निवड, तूच जोड," तो म्हणाला. "आणि रविवारी येत जा ना इकडं. दिवसभर बस मशीनवर."

त्या रविवारांसाठी मी काहीही केलं असतं. केलंच.

महिनाभर मी जालन्याची दुकानं पालथी घातली. मित्राला निळ्या लाइटीची कॅबिनेट पाहिजे होती. मी म्हणालो, पत्र्यात खर्च करू नको. त्या पैशात ग्राफिक्स कार्ड घे, नुसत्या बोर्डावर गेम अडखळतो. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला, मेमरी दुप्पट घेतली. मदरबोर्ड असा निवडला, की पुढं वाढवता येईल. पॉवर सप्लाय मात्र वजन करून, हातात तोलून घेतला, कारण हलका सप्लाय सगळं घेऊन मरतो. माझं स्वतःचं मशीन असतं तर मी असंच जोडलं असतं. मी माझंच मशीन दुसऱ्याच्या घरासाठी निवडत होतो.

त्या घरी मी आधी एकदा जाऊन आलो होतो. आप्पांनी आडनाव विचारलं. मी म्हणालो, "टेंभुर्णीकर." गावाचं नाव पुढं केलं, आडनाव गिळलं. आप्पा म्हणाले, "वा! या, बसा साहेब."

मशीन न्यायच्या दिवशी बाबा गावाहून मुद्दाम जालन्याला आले. मजुरीचा खाडा करून. एसटीत खड्ड्यांनी काच फुटेल म्हणून दोन तास ते खोकं मांडीवर घेऊन बसले. पाय बधिर झाले होते, तरी उतरल्यावर मला हात लावू दिला नाही.

बाबांनी मॉनिटर आतल्या खोलीत टेबलावर ठेवला. मग आप्पा म्हणाले, "तू बाहेर बस रे." ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मला काकूंनी, मित्राच्या आईनं, चहा दिला. कपबशीत. बाबांना कुणी पाणीही विचारलं नाही. मी खिडकीतून पाहत होतो आणि प्रोसेसर बसवत होतो. एकही पिन वाकू दिली नाही. याची मला आजही लाज वाटते.

मशीन सुरू झालं. कॅबिनेट अजून उघडीच होती, पंखा फिरतोय का ते मी बघत होतो. बाहेरून आवाज आला.

"कुठला रे तू?"

"टेंभुर्णीचा, मालक."

"टेंभुर्णीत कुठं?"

"भीमनगरात."

भीमनगर म्हटलं की आमच्याकडं जात वेगळी सांगावी लागत नाही. आप्पा ताडताड आत आले. "अगं, पूजा व्हायचीय अजून. त्यानं आत आणून ठिवला ना टीव्ही? आण ते गोमूत्र."

काकू तांब्या आणि आंब्याचं पान घेऊन आल्या.

मी म्हणालो, "काकू, मशीन चालू आहे. थांबा." एवढंच म्हणालो. कशासाठी शिंपडता, हे विचारलं नाही.

त्यांनी मॉनिटरवर शिंपडलं. मग, "इथं पण जरासं," म्हणत उघड्या कॅबिनेटमध्ये. चटकन ठिणगी उडाली. जळका वास आला. पडदा काळा.

आप्पा ओरडले, "पाह्यलं? कसला हमाल आणला हो साहेब! पाय लागला अन् मशीन गेली!"

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

"तो हमाल न्हाई, आप्पा. माझा बाप हाय."

काकूंची नजर माझ्या कपाकडं गेली. "अगं बाई, कपात चहा दिल्ता याला."

मी म्हणालो, "शिंपडायचंच तर बराबर शिंपडा. बाबांनी खोक्याला हात लावल्ता. प्रोसेसर मी बसवलाय. मेमरी मी बसवलीय. आतला एकेक स्क्रू माझ्या हातचा हाय."

मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "आधी सांगायचं ना यार. आपण काहीतरी जमवलं असतं."

"काय जमवलं असतं?"

तो उघड्या कॅबिनेटकडं वळला. "बरं, सोड ते. बोर्ड गेला का नुसतं कार्ड? बघ ना, तुला कळतं. रविवारचं आपलं ठरलंय तसंच. आप्पा नसताना ये."

"मला कळतं," मी म्हणालो. "पण मी बघणार न्हाई. अन् येणार बी न्हाई."

स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. बाहेर आलो.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. तरी विचारलं, "झालं का तुझं काम?"

"न्हाई."

"मंग पुरं करून ये की. मी बसतो."

"चला बाबा."

स्टँडवर मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. तेच म्हणाले, "तू हो म्हणलास, तवा मला राग न्हाई आला. वाटलं, पोराचं काम व्हईल."

माफी मागायची होती. मागितली नाही. पुढं बाबा गेले.

लोक माझी ती दोन वाक्यं ऐकतात आणि म्हणतात, शाबास, बंड केलंस. मी त्यांना आधीचा एक शब्द कधी सांगितला नव्हता. 'हो'. आप्पांच्या घरात बाबांना ज्यानं पहिल्यांदा बाहेर बसवलं, तो मीच. आप्पांनी नंतर फक्त जागा दाखवली.

आज मी लोकांच्या घरी जाऊन मशीन जोडतो, दुरुस्त करतो. दारातच पूर्ण नाव सांगतो, बापाच्या नावासकट, आडनावासकट. कुणाचा चेहरा पडला, तर उंबऱ्यावरूनच परत फिरतो. मशीन बंद राहिलं तर राहू दे. आप्पांना मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही करणार नाही.